प्रत्येक पुस्तकात तोच पोट्टा

रायपूर,
गुरुवार, दुपार

चि. गंगाधर यास,

डोक्यावर हात ठेवून अक्काचा आशीर्वाद, आणि तोच हात जरा खाली आणून पाठीत एक धपाटा. धपाटा काहून, ते पत्र संपेपर्यंत तुले कळेल. इंदूचे गुडघे कसे आहेत? तुझा कान कसा आहे? ती मशीन कानात घालत जा, उशाशी ठेवून ऐकू येत नसते. माझं म्हणशील तर साखर वरच्या मजल्यावर, रक्तदाब खालच्या, आणि मी दोघांच्या मधल्या जिन्यात येरझाऱ्या घालून राहिली. फोन केला असता, पण तुझी मशीन शिट्टी मारते, मग मले ओरडावं लागते, आणि माझं ओरडणं उदयच्या खोलीपर्यंत जाते. म्हणून पत्र. वनमाला उद्या नागपूरले जाऊन राहिली, तिच्या हाती देते. (वनमाला म्हणजे आमच्या पाऱ्यातली, मोहल्ल्यातली, रिटायर मास्तरीण. तिले चहा पाज. साखर कमी टाकली तर सांगणार नाही, पण इथे येऊन वर्षभर बोलेल.) अक्षर नेहमीचं नाही, हे तू ओळखलंच असशील. नेहमी नात लिहिते, ज्ञानदा. आज तिले लिहायले बसवण्यासारखा मजकूर नाही, कारण मजकूर तीच आहे.

रविवारी तू पुण्याच्या त्या अभिनवले आणि त्याच्या आईबापाले घेऊन ज्ञानदाले पाहायले येऊन राहिला. स्थळ चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. फोटोत पोट्टा नीट उभा आहे, मागे समुद्र आहे, समुद्रही नीट आहे. उदय तर असा खूश, की बापानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पडदे धुवायले काढले. सुजातानं, म्हणजे माझ्या सुनेनं, अनारसे करायले घेतले. आणि ज्ञानदाले विचारलं तर ती मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणते, जैसा पापा बोलें. ज्या पोट्टीले भाजीत मीठ कमी पडलं तर संध्याकाळपर्यंत बोलायले पुरते, ती लग्नाच्या गोष्टीत एवढंच बोलते. तेव्हापासून माझं एका जागी बूड टेकत नाही. दिवाणावर बसली की वाटते बाल्कनीत जावं, बाल्कनीत गेली की वाटते काहीतरी गॅसवर राहिलं. गॅसवर काही नसते. सून म्हणते, आई, तुम्ही बसा, तुमच्याकडे पाहून मलेच चक्कर येते.

आता मूळ गोष्ट. पण ती सांगायची तर पुस्तकापासून सुरू करावी लागते. ज्ञानदा नव्या रायपूरच्या ऑफिसातून आली, की चहा घेऊन माझ्याजवळ बसते आणि मले कादंबरी वाचून दाखवते, हे तुले माहीत आहे. पुस्तकं इंग्रजी असतात. ती डोळ्यानं इंग्रजी वाचते, तोंडानं मराठी सांगते, मधे मधे हिंदी सांडते, आणि मी ते सगळं पुसून घेते. या उन्हाळ्यात आमची प्रेमाची, खुनाची आणि जादूची अशी सगळी जात झाली. तुले वाचायची सवय नाही, म्हणून माझं मत सांगून ठेवते.

प्रेमाची जी होती, ती कुठल्यातरी बर्फाच्या गावातली. पोट्टा-पोट्टी पहिल्याच पानावर एकमेकावर आपटतात, तिची कॉफी त्याच्या कोटावर सांडते, आणि मग उशाले घेता येईल एवढं जाड पुस्तक ते दोघं मनातलं सांगतच नाहीत. मी म्हणलं, यायच्या घरी एखादी आत्या नाही का? आपल्याकडे एका हळदीकुंकवात आटपलं असतं. खुनाची बरी होती. बंगल्यात म्हातारा मेलेला सापडतो. तपास करणारा एवढा हुशार, की राखेवरून विडीवाल्याचं गाव सांगतो, पण जेवणाचं ताट कोणाचं तसंच परत आलं हे काही विचारत नाही. मी विचारलं असतं. खुनी मले केव्हाचा कळला होता, त्याले शेवटचं पान लागलं. आणि जादूची तर विचारू नको. ढगावर राजवाडा बांधलेला, आणि दासी पाणी भरायले खाली नदीवर उतरतात. ढगात राहून पाणी खालून. लिहिणाऱ्याचा पाण्याशी संबंध फक्त प्यायपुरता असावा.

पण मी ऐकता ऐकता एक गोष्ट पाहून राहिली होती. बर्फाच्या गावातला तो प्रेमवाला घराबाहेर निघताना नाकाले गमछा बांधे. म्हणलं असेल, थंडी असेल. मग तो खुनाचा तपास करणाराही गमछा बांधायले लागला. त्याले एक सवय होती, सगळे हसून मोकळे झाले की मग हा हसे. ती सवय मले ओळखीची वाटली, कारण प्रेमवालाही तसाच हसे. मग आला ढगावरचा राजपुत्र. तो सकाळी टमाट्याच्या चटणीसोबत फरा खाऊन निघाला. आता फरा आपण खातो, छत्तीसगडात सगळे खातात, भात आणि तांदळाच्या पिठाचा तो वाफवलेला पदार्थ मलेही आवडते, पण ढगावर तो कोण वळते? तरी मी चहा पीत राहिली. मग राक्षसाशी लढाई आली. ज्ञानदा रंगात येऊन सांगून राहिली, की राजपुत्रानं तलवार घेतली, घोड्यावर बसला, आणि दुसरी पाळी सुटल्यावर थेट लढायले गेला.

मी चहाचा कप खाली ठेवला. ढगावरच्या राज्यात कारखान्याची दुसरी पाळी? तिच्या काही लक्षात आलं नाही, ती पुढच्या पानावर गेली.

मले अक्षर येत नाही, गंगाधर, पण पुस्तक हातात घेता येते. ती ऑफिसले गेल्यावर मी तिन्ही पुस्तकं घेऊन बसली. पानाच्या कोपऱ्याले काळे अंगठे. बोटानं पुसलं तर बोट चमकलं, म्हणजे चुलीची काजळी नाही, लोखंडाची धूळ. वास घेतला तर मशीनच्या तेलाचा. असली धूळ या शहरात एकाच बाजूनं येते, उरल्याच्या कारखान्याकडून. मग मी वनमालाले बोलावून राजपुत्राचं पान वाचायले लावलं. (तिनं आधी चष्मा पुसला, मग माझ्या चहात साखर जास्त आहे हे सांगितलं, मग वाचलं.) पुस्तकात राजपुत्राचे डोळे निळे होते, तो सोन्याच्या ताटात मोर खात होता, आणि पाळी-बिळी काही नव्हती. बर्फवाल्याजवळही गमछा नव्हता. आमची पोट्टी ज्या पुस्तकात जाईल तिथे आपला एकच माणूस सोबत घेऊन जाऊन राहिली होती, आणि तिचं तिलेच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम म्हणलं, की हा राजपुत्र आता राक्षसाच्या हातून मेला पाहिजे. राजपुत्र मेल्याशिवाय गोष्टीले वजन येत नाही. तिनं पुस्तक मिटलं.

"वो नहीं मरेगा, आजी," ती म्हणाली. "लिखा होगा तो भी नहीं मरेगा."

आणि उठून आत गेली. रविवारच्या साडीची मॅचिंग बांगडी पाहायले तिची आई हाक मारून राहिली होती, तिकडेही गेली नाही.

मग मी काय बसते? मंदिरात जातो म्हणून सांगून वनमाला आणि मी ऑटोत बसलो. ऑटोवाल्याले उरला म्हणलं तर तो आमच्याकडे पाहून म्हणतो, माताजी, उधर मंदिर नहीं है. मी म्हणलं, बेटा, तू चल. बीरगावच्या पुढे ट्रकच ट्रक. वनमालाची पांढरी साडी फाटकापर्यंत पोचता पोचता राखाडी झाली, आणि ती मले शाळेतल्या पोरासारखी रागावत होती. फाटकावरच्या चौकीदाराले मी सांगितलं, की आम्हाले एक माणूस पाहिजे, नाकाले गमछा बांधते. तो म्हणे, इधर सब बांधते हैं, माताजी. सगळ्यात शेवटी हसते म्हणलं. तो म्हणे, इधर कोई हंसता नहीं.

तेव्हा मले खुनाचं पुस्तक कामी आलं. त्यात चोराच्या मागे कोणी पळत नाही. माल दाखवतात आणि उभे राहतात. मी ते ढगावरच्या राज्याचं पुस्तक पिशवीतून काढून दोन्ही हातानं छातीशी धरलं, आणि पाळी सुटायची वाट पाहत फाटकाजवळ उभी राहिली. भोंगा वाजला. माणसंच माणसं निघाली, सगळ्यायच्या तोंडाले गमछे, आणि सगळे माझ्याकडे असे पाहत, की ही म्हातारी पुस्तक विकून राहिली. एक पुढे जाऊन थांबला, मागे वळला, आणि गमछा खाली करून हळूच विचारतो, "आजी, किताब फट गई क्या?"

नाव यशदीप. आपल्यातलाच, भोसल्यायच्या काळात इकडे आलेल्या घराण्यातला, घर गुढियारीत, बाप मालधक्क्यावर धान्याची दलाली करते. हा सळ्यायच्या कारखान्यात तापलेलं लोखंड तपासते. ज्ञानदासोबत कॉलेजात होता. तेव्हापासून दोघं एकमेकाले पुस्तकं देतात, आणि पुस्तकाशिवाय दुसरं काहीच बोलले नाहीत, बर्फवाल्यापेक्षाही मठ्ठ. मी त्याले राजपुत्राची दुसरी पाळी सांगितली. तो चौकीदाराच्या स्टुलावर बसला. मग एवढंच म्हणाला, की आजी, माझी पाळी दर हप्त्याले बदलते, तिच्या पापाले असा जावई काहून चालेल.

तोच आता समोर बसून हे पत्र लिहून राहिला. (घाम नंतर पूस, आधी लिही.) घरात कोणी नाही. सून पिठीसाखर आणायले गेली, उदय पडद्याच्या कड्या आणायले. मी या पोट्ट्याले गोष्टी सांगून राहिली, आणि हा मान खाली घालून स्वतःचंच वर्णन लिहून राहिला. मराठी बोलते थोडं अडखळत, पण लिहिते नेटकं. फरा केला होता, चटणीसोबत खाल्ला. मी खिडकीकडे गेली की तोही उठून उभा राहते. मी बस म्हणली की बसते. एवढा वेळ मले सहन करणारा माणूस या घरात दुसरा नाही.

तर गंगाधर, रविवारी ठरल्याप्रमाणे ये. अनारसे जमलेत. इंदूले गाडीत खिडकीची जागा दे. सगळ्यायले आशीर्वाद.

तुझी
अक्का

ता. क. ठरल्याप्रमाणे म्हणजे तू आणि इंदू. पुण्याच्या लोकायले आणू नको. त्यायले काय सांगायचं ते तू पाहा, तू वकील होता. आणि उदयले इथे येऊन सांग, की मामानं याहून चांगलं स्थळ शोधलं, इथलंच, गुढियारीतलं. आईनं शोधलं म्हणलं तर तो हसेल, पोट्टीनं शोधलं म्हणलं तर पडदे फाडेल. मामाच्या तोंडून आलं तर तो पत्रिकासुद्धा मागणार नाही. ज्ञानदाले मात्र सगळ्यायच्या देखत तू स्वतः विचार, हा पोट्टा तुले चालते का म्हणून. इकडच्या हिंदीत नुसतं हव, म्हणजे हो, म्हणाली तरी धरून घे. आणि हे तुले आधी सुचलं नाही, पुण्यापर्यंत गेला, म्हणून तो धपाटा.

ता. क. दुसरा. या पोट्ट्यानं आता मले पत्र वाचून दाखवलं. मी त्याच्या नाकाबद्दल मघाशी चांगलं लांबलचक सांगितलं होतं, ते सगळं यानं गाळलं, आणि गाळलं म्हणून विचारलं तर पंख्याकडे पाहून राहिला. पोट्टी पुस्तकात याले टाकते, हा पत्रातून स्वतःले काढते. संसार होते यायचा.