गाडी तापली की

२४ एप्रिल १९८७, शुक्रवार

आज डावा कान. आत भुंगा शिरल्यासारखं होतंय.

म्हापशाच्या बाजारातून सिमेंट भरून येताना पिकअप परत तापली – आणि परत मोप्याच्या चढावर, देवचाराच्या, त्या वाटेवरच्या राखणदार भुताच्या, वळणावरच! जयराम घरात शिरला तो चप्पल हातात घेऊनच. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. इथे कोण ऐकतंय? जयराम, जयराम, जयराम!

माझा गुन्हा असा – शिगम्यात पुढच्या सीटवर बसून पेडण्याला गेले आणि वाटेतच बाहेरची झाले. गाडी तेव्हापासून तापते. सासूबाईंनी निकाल दिला, "तुज्या विटाळान देवचार खवळलो." झालं! गाडी तापली की तिला पाणी आणि मला चप्पल.

२५ एप्रिल

कान वाहतोय.

२७ एप्रिल

रडून काही व्हायचं नाही. मी सगुण ट्रकवाल्याची मुलगी. डिचोलीच्या खाणीवर बाबांच्या ट्रकमध्ये, क्लीनरच्या जागेवर बसून वाढले. बाबांनी मला स्टिअरिंगही धरायला दिलं होतं, आईच्या शिव्या खाऊन! विटाळाने गाडी तापत नाही. तिला कारण असतं. ते मी शोधणार. गाडी बरी झाली की हा मारायचा थांबेल.

दुपारी जयराम घोरत होता तेव्हा बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या जाळीत लाल धूळ नुसती थापलेली! केरसुणीचा हीर घेऊन फट न् फट मोकळी केली, वरून पाणी मारलं. फॅनचा बेल्ट अंगठ्याने दाबून पाहिला. सैल नाही.

१ मे, शुक्रवार

तापली. आज कमरेचा पट्टा.

२ मे

म्हणजे धूळ नव्हे. मग काय? रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी कमी भरतं. काल गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवला होता. आज पाहिलं तर कोरडा ठणठणीत. पाइप चाचपले, कुठे ओल नाही. गळत नाही आणि कमी तर होतंय! कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतात ना, ते हेच.

५ मे

देवचाराला कोंबडा, रोट, दारू, विडी. मला मागच्या बाजूला चिऱ्यांवर बसवून नेलं, चोरासारखं. वळणावर गाडी तापलीच. मग कोंबडा कापला, दारू ओतली, सासूबाईंनी गाऱ्हाणं घातलं, जयरामने दोन विड्या ओढल्या. आणि गाडी गुमान चालू झाली! "बग, पावलो!" सासूबाई म्हणाल्या.

मला एकदम हसू फुटलं. एवढ्या वेळात इंजिन गार होणारच की! जयराम दर खेपेला तिथेच थांबतो, नारळ फोडतो, विडी ओढतो. चढाने तापलेलं इंजिन तेवढ्यात निवतं. देवचारा, रागावू नकोस रे, तूही बिचारा माझ्यासारखाच फुकट बदनाम.

मी हसलेलं जयरामने पाहिलं. ओठ फाटला. तरी हसू थांबेना, रक्त गिळत हसत होते.

९ मे

सापडलं!!

जयराम आणि सासूबाई लग्नाला गेली. किल्ली खुंटीवर. इंजिन गार होतं. रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली आणि वाकून पाहिलं – बुडबुडे! भाताला आधण यावं तसे, थांबायचं नाव नाही. पाणी तर अजून हाताला थंड! म्हणजे सिलिंडरचा धूर पाण्यात शिरतोय आणि पाणी सिलिंडरात. ऑइलची पट्टी ओढली – ऑइल दुधाच्या चहासारखं. हेड गॅसकेट, इंजिनाच्या दोन भागांमधली पातळ पट्टी, फाटलीय! बाबांच्या ट्रकला अस्संच झालं होतं.

बसून रडले. आज कोणी मारलं नव्हतं तरी.

१२ मे

गाड्या दुरुस्त करणाऱ्या शांताराम मेस्त्रीला विहिरीच्या वाटेवर गाठलं. आधी दात काढले त्याने. मग घरी येऊन बुडबुडे स्वतः पाहिले. "वैनी, गॅसकेटच गेली मगो!" माझं नाव काढू नकोस म्हटलं. त्याने काढलं नाही.

१५ मे

नवी गॅसकेट बसली. जयराम चारचौघांत सांगतोय, "माका आदीच कळलां होता!" सांग बाबा. काय हवं ते सांग.

२२ मे, शुक्रवार

सिमेंट भरून चढ चढली. तापमानाचा काटा मध्यावर! सासूबाई म्हणतात कोंबडा पावला. पावू दे. गॅसकेट बसल्यापासून जयरामने हात उचललेला नाही. आज बांगडे तळले तर "बरे जाले" म्हणाला. मला पाठीवर झोपता येतं आता. हे सुख कोणाला सांगू?

३० मे

गोवा राज्य झालं. पेडण्यात फटाके, मिठाई. जयराम दारू पिऊन आला. डिसेंबरात भाषेच्या आंदोलनात मराठीसाठी टायर जाळून आला होता हा, पण मला शिव्या घालतो त्या कोकणीतच! कोकणी राजभाषा झाल्यापासून धुमसत होता, आज कोकणीवाल्यांचे फटाके ऐकवेनात. ताट भिरकावलं. केस धरून ओढत नेलं, डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, परत, परत. मी ओरडत होते, "गाडी तापूक नाय आज! गाडी तापूक नाय!"

"गाडयेचा काय संबंद?" म्हणाला.

३१ मे

गाडीत दोष होता, तो मी काढला. त्याला मारायला गाडी लागतच नव्हती. जाळी साफ करत बसले मी! पुठ्ठे सरकवत बसले! स्वतःचीच इतकी चीड आलीय की पेन कागदात घुसतंय.

२ जून

सकाळी चप्पल घेऊन आला. माझ्या हाती चाकाचा पाना आला. पहिला घाव त्याच्या मनगटावर, दुसरा कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज मी नीट ऐकला. डॉक्टरकडे नेणार कोण? पिकअप मीच चालवली, पेडण्यापर्यंत. हा शेजारी, मोडका हात मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत जयराम म्हणाला, "पडलों."