पहिल्या रांगेतल्या आई

गुरुवार, ६ मार्च

पोचलो एकदाच्या. स्टॅनमोरच्या घरून साडेचार तास. वाटेत सासूबाईंनी तीनदा विचारलं, हे पूल म्हणजे पोहायचं नाही ना? नाही हो आई. टेबल, काठी, लाल-पिवळे बॉल. आणि मी पंच.

हॉलिडे पार्क अगदी समुद्राला लागून, पण समुद्राकडे बघतंय कोण! हॉलमध्ये एकशेवीस टेबलं. देशभरातून हौशी लोक आलेत – प्लंबर, नर्सेस, बसड्रायव्हर. रविवारपर्यंत हीच स्पर्धा. माझं रेफरी म्हणून दुसरंच वर्ष.

आईंना घरी एकटं ठेवता येईना. त्यांच्या मुलाने, अनुपने, हात वर केले – ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. आईंना वाटतं, तो प्रोजेक्टसाठी ब्रॅकनेलला खोली घेऊन राहतो आणि वीकेंडला घरी येतो. येतो खरा. जेवतो, लॅपटॉप घेऊन खालीच झोपतो, सोमवारी जातो. आमच्या डिव्होर्सचे कागद नोव्हेंबरातच हातात आले. आई नागपूरहून आल्या जानेवारीत. 'बावीस मार्चला परत गेली की मी सांगतो तिला,' म्हणाला. मी हो म्हटलं. त्याच्यासाठी नाही. मला आई सोडवत नाहीत.

शुक्रवार, ७ मार्च

आईंच्या साडीवर माझा जाड कोट, पायात स्पोर्ट्स शूज, हातात थर्मास. सकाळी नऊलाच पहिल्या रांगेतली खुर्ची धरली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे नियम पाठ. म्हणाल्या, कॅरमच आहे की, फक्त क्वीनच्या जागी काळा बॉल, आणि तो शेवटी घ्यायचा. एक पोरगा काळा आधीच घालवून डाव हरला तर केवढ्या हळहळल्या!

आमची हेड रेफरी मॉरीन त्यांच्या शेजारी बसली होती. नंतर मला हसत सांगत होती – तुझी सासू प्रत्येकाला सांगतेय, 'माय डॉटर-इन-लॉ. व्हेरी स्ट्रिक्ट.'

मी पंचाचे ग्लोव्हज बदलायला म्हणून बाहेर गेले. बराच वेळ बाहेरच थांबले.

शनिवार, ८ मार्च

आज लिहायलाच हवं.

दुपारी शेवटच्या सोळातली मॅच. सहा फुटांचा माणूस, फक्त काळा उरलेला. तो वाकला आणि त्याच्या बाहीने कडेचा पिवळा हलला. इतकासा. मी फाउल दिला. तो माझ्या अंगावरच आला – तिथून तुला दिसणं शक्यच नाही म्हणे. आजूबाजूची टेबलं थांबली. मॉरीन आली, एवढंच विचारलं, तू पाहिलंस? म्हटलं, पाहिलं. मग संपलं, म्हणाली.

हरला तो. जाताना माझ्याकडे आला, हात पुढे केला आणि हळूच म्हणाला, बाही लागली होती, सॉरी.

संध्याकाळी आमच्या मुक्कामाच्या कॅरव्हॅनमध्ये मी खिचडी टाकली. आईंचा बहिणीला व्हिडिओ कॉल चालू. सहा फुटी माणसाला कसं गप्प केलं, मी जागची कशी हलले नाही, सगळं हातवारे करून. 'माझ्या पोटी मुलगी नाही, पण ही आहे ना,' म्हणाल्या.

मला ते ऐकवेना. फोन ठेवल्यावर सांगून टाकलं. उभ्याउभ्याच, हातात पळी घेऊन. अनुप आणि मी वेगळे झालो. कुणी मारहाण केली नाही, कुणी दुसरं नाही. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोलतच नव्हतो.

त्यांनी विचारलं, ''कधी?''

''नोव्हेंबर.''

''म्हणजे मी आले, तेव्हा तू माझी कोणीच नव्हतीस.''

त्यांनी खिचडी थोडी खाल्ली, ताट स्वतः धुतलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

रविवार, ९ मार्च

मॉरीनने मला बायकांची फायनल दिली! दुसऱ्याच वर्षी! आईंना सांगितलं. गुडघा दुखतोय, मी इथेच पडते, म्हणाल्या.

बारा फ्रेम झाल्या. एकही चूक नाही. प्रत्येक फ्रेमनंतर बॉल लावताना पहिल्या रांगेकडे नजर जायची. खुर्ची रिकामी. शेवटी फोटो काढले, ट्रॉफी मध्ये, मी कडेला. हसलेय. बघून कुणाला कळणार नाही.

परतीच्या साडेचार तासांत आईंचं एकच वाक्य – हीटर जरा कमी कर.

सोमवार, १० मार्च

आईंनी अनुपला फोन केला. दार लावून. चाळीस मिनिटं.

बुधवार, १२ मार्च

अनुप येऊन घेऊन गेला त्यांना, ब्रॅकनेलला. दोन्ही बॅगा. बावीसला तिथूनच विमानतळावर सोडेन म्हणाला. चिडला नाही माझ्यावर. उलट थकलेला दिसला. तू सांगितलंस ते बरं केलंस, माझ्याने झालं नसतं, म्हणाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आम्ही खरं बोललो असू.

दाराशी मी वाकून नमस्कार केला. डोक्यावर हात ठेवला त्यांनी.

फ्रिजमध्ये त्यांनी केलेला ठेचा आहे. डबा उघडवत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

मॉरीनचा मेसेज. पुढच्या वर्षीची नावं घेतेय. आणि आई कशा आहेत?

उत्तर दिलं नाही.

शनिवार, १५ मार्च

सकाळी दहाला बेल वाजली. दारात आई, मागे दोन्ही बॅगा. अनुप गाडीतच बसलेला, खाली उतरला नाही.

''तीन दिवस त्याचं ऐकून घेतलं,'' म्हणाल्या. ''परतीचं तिकीट जूनचं करून आले. केव्हाची विचार करून राहिले – आता हे माझ्या सुनेचं घर नाही, तेव्हा हक्कानं नाही यायचं, विचारून यायचं.''

उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या.

''राहू का गं?''

मी बॅगा आत घेतल्या.