बेकरीवाल्याच्या बायकोसाठी प्रार्थना

अहो,

टेबलावरची तुमची चिठ्ठी वाचली. आज संध्याकाळच्या सभेत मी चर्चच्या मंडळीची माफी मागणार नाही. तुम्ही पाळक आहात, काय सांगायचं ते तुम्हीच सांगा.

हो, चर्चमधल्या प्रार्थनेच्या पेटीत तो कागद मीच टाकला होता. ‘एक बेकरीवाला आणि त्याची बायको एका घरात राहून महिनाभर बोलत नाहीत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा.’ ती दोघं माझ्या कादंबरीतली आहेत हे लिहायचं राहिलं, एवढीच माझी चूक. तुम्ही ते उपासनेत सगळ्यांसमोर वाचलंत आणि लोक आपल्या खऱ्या बेकरीवाल्याची समजूत घालायला धावले. त्याची बायको तर पोट धरून हसली म्हणे.

वीस वर्षं मी पहाटे आधी गुडघे टेकते, मग वही उघडते. माझ्या माणसांसाठी मागितल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही. ‘प्रेमाच्या गोष्टींसाठी कसली प्रार्थना’ म्हणून तुम्ही खुशाल नाक मुरडा. देवानं अजून तक्रार केलेली नाही.

जेवण झाकून ठेवलंय. वही घेऊन ताईकडे चाललेय, सभा संपल्यावरच येईन.

शेवटचं प्रकरण अडलंय. बेकरीवाल्यानं आता बायकोशी बोलायलाच हवं, पण महिनाभराच्या अबोल्यानंतर नवरा पहिला शब्द कोणता बोलतो, हे मला ठाऊक नाही. तुम्हाला सुचला तर कागदावर लिहू नका. दार उघडाल तेव्हा तोंडानं सांगा.