लिनचा पत्ता

रिसोड, २२ फेब्रुवारी १९७२

अमेरिकेचा अध्यक्ष चीनला गेला. रेडिओवर ऐकून हे म्हणाले, "लिही न आता तुह्या लिनले पत्र." आता! बासष्टच्या लढाईत, "माही सरकारी नोकरी जाईन," म्हणत तिची शांघायहून आलेली सगळी पत्रं यांनीच बंबात घालायला लावली. आणि मी घातलीही. पत्ता त्यांतच होता.

कॉन्व्हेंटात आम्ही वर्गातल्या मुली तिला चीनवरून चिडवायचो, तेव्हा लिन वेणी मागे टाकून म्हणायची, "आमच्या देशाच्या दारात सगळे येतील, बघशील." मी किती हसायचे! आले की गं सगळे. हे तिला कळवायचंय, पण कुठे?

"पत्ता?" मी विचारलं.

"पाठ नव्हता तुले?"

उद्या बंब पेटवणार नाही. करा म्हणावं गार पाण्यानं आंघोळ.