मागची सीट

३१ ऑगस्ट

बुलेटच्या किकनं उलटा झटका दिला, दांडा पोटरीवर बसला आणि मी वाळलेल्या गोवऱ्यांवर आडवा झालो. दारात बसलेल्या घरमालकीण तानाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, आमच्या बुढ्यालेही हिनं असंच लोळवलं होतं.

तरी आज मजेत आहे. आठवड्यापूर्वी नागपूरहून बदलीवर पांढरकवड्याला आलो. गावोगावच्या विहिरी आणि हातपंपांचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं आणि तपासायचं, हे काम. खोली तानाबाईंच्या घरामागची. शेजारी गोठा. गुरं नाहीत, तानाबाईंचे यजमान किसनराव यांची जुनी बुलेट तेवढी उभी आहे. ते गेले तेव्हापासून टाकीवर कोंबडी बसते. मला गाडीतलं काही कळत नाही. दुरुस्त करून पाहू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, करा बाप्पा, निदान कोंबडी तरी उठन.

संध्याकाळी मैत्रेयीला फोन केला. ती नऊ वर्षांची, आईजवळ नागपूरला असते. साधना आणि मी आता वेगळे राहतो. मैत्रेयीनं विचारलं, मला मागे बसवशील? मी हो म्हटलं. मग साधना फोनवर आली. गाडी खरंच चालू झाली तर दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस पाठवते, म्हणाली. आणि पुढं म्हणाली, तू हातात घेतलेलं पूर्ण करताना पाहायचंय मला एकदा.

हे गाडीबद्दल नव्हतं. पण मी गाडी पूर्ण करणार आहे.

७ सप्टेंबर

कार्ब्युरेटर खोलला. आत पेट्रोलचा डिंक झाला होता. टाकीत बारीक गिट्टी आणि थोडं पेट्रोल घालून तासभर हलवली. गंजाचं लाल पाणी निघालं. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी कापूस भरला होता.

हायवेवर हरिसिंगचं गॅरेज आहे. झिजलेला सिलिंडर त्यानं आतून घासून बोअर करायला घेतला. टाकी पुसताना मला पाहून म्हणाला, सायेब, गाडी हाय का गाय? कवापासून हात फिरवून राह्यले.

गाडीला मागची सीट नाही. मडगार्डवर बोल्टची भोकं आहेत. मागचे फुटरेस्टही नाहीत.

१४ सप्टेंबर

सीट सापडली. गोठ्याच्या माळ्यावर, पोत्यात. फुटरेस्ट सोबतच. बोल्ट फडक्यात बांधून ठेवलेले, तेल लावून.

तानाबाईंना विचारलं. म्हणाल्या, त्यायनंच काढली. अगुदर रस्त्यानं जो हात दाखवे त्याले बसवत. मंग एक दिवस आले अन् सीट काढून टाकली. मी कायले इचारू? गाडी त्यायची.

सीटला खोबरेल चोळलं आणि बसवली. एकही बोल्ट अडला नाही. आता गाडी पुरी दिसते. फोटो मैत्रेयीला पाठवला. तिनं परत पाठवला, सीटभोवती लाल गोल काढून. ही माझी.

२८ सप्टेंबर

चालू झाली.

आधी अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, मग किक. हे कळायला महिना गेला. तानाबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं. मी असलं मानत नाही, पण त्यांना नाही म्हटलं नाही.

हरिसिंगनं बजावलं. नवा बोअर आहे, पहिले पाचशे किलोमीटर हळू जा. अन् एकट्यानंच. डबलसीट बिलकुल नाही, इंजिन तापून जाम होईन.

मी म्हटलं, माझ्यासोबत आहेच कोण.

२ ऑक्टोबर

आज दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. नागपूरला, दीक्षाभूमीवर असायला हवं होतं. साधना आणि मैत्रेयी गेल्या. गर्दीचा आवाज फोनवर ऐकला. मैत्रेयी काही म्हणाली ते त्यात बुडालं.

गाडी घेऊन निघालो. दुतर्फा कपाशी, मग साग. हेल्मेटच्या आत मी मोठ्यानं गाणं म्हटलं. एका पोडावर, कोलामांच्या वस्तीत, हातपंपाशी थांबलो. जमनी नावाची बाई कळशी भरत होती. तिनं मला पाणी दिलं. मग तांब्या पुन्हा भरून माझ्या मागे धरला आणि विचारलं, तुमच्या माणसाले नको काय पाणी?

बाटल्यांची पिशवी मागे बांधली होती. लांबून माणसासारखी दिसली असेल.

पण ती जवळच उभी होती.

९ ऑक्टोबर

चढावर गाडी दमते. इंजिन फार तापतं. हरिसिंगनं प्लग काढला, पांढरा पडलेला. मागचा टायर दाबून पाहिला आणि तो चिडला. डबलसीट नको म्हणलं होतं ना सायेब? कोणाले घेऊन हिंडून राह्यले?

एकटाच फिरतो, मी सांगितलं. त्यानं डोळा मारला. लपवता काहून? चांगली गोष्ट हाय. पण तिले सांगा, अजून दोनशे किलोमीटर थांब म्हणा.

गॅरेजमधले सगळे हसले. मीही हसलो. खरं तर बरं वाटलं. परतताना लक्षात आलं, मी सीटवर पुढे सरकून बसलो आहे. मागच्याला जागा व्हावी म्हणून बसतो तसा.

१४ ऑक्टोबर

स्पीडब्रेकरवर गाडी उसळते. मी सीटवर आदळतो. त्यानंतर, जराशा अंतरानं, दुसरं कुणीतरी आदळतं.

आज पिशवी नेली नव्हती. बाटल्या टाकीवरच्या थैलीत होत्या.

ब्रेक दाबला की पाठीवर भार येतो. सोडला की जातो. भर दुपार, रस्ता रिकामा. मागे वळून पाहिलं. सीट दबलेली होती. पाहत असताना हळूहळू वर आली.

१६ ऑक्टोबर

सीट काढली. फुटरेस्टही. बोल्ट फडक्यात बांधले. गाठ मारताना हात थांबला. हे मी पाहिलं आहे.

१७ ऑक्टोबर

सीट नाही, म्हणून तो पुढे आला.

माझ्याच सीटवर आहे. पाठीला वारा लागत नाही. सदरा समोरून वाळला, मागून ओला राहिला. उजव्या खांद्यावर काहीतरी टेकलेलं, हनुवटीएवढं. घरापर्यंत —

श्वास नाही. नुसतं टेकलेलं.

१८ ऑक्टोबर

सीट परत बसवली. तिथं बसलेला बरा.

तानाबाईंना विचारलं, सीट काढल्यावर किसनराव गाडी चालवत होते का. दोन-चार दिवस, म्हणाल्या. मंग उभीच ठेवली. मंग घरातच बसत. निजतही बसूनच, पाठ भितीले लावून. डॉक्टर म्हणे, मणका. गेले तेही तसेच, भितीले टेकून.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, तुमीही तसेच बसले आता.

मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो.

२० ऑक्टोबर

गाडीला हात लावला नाही. ऑफिसला चालत गेलो. बरं आहे. मोकळ्या रस्त्यावर मात्र पाठ —

नाही. चालण्याचा घाम.

२२ ऑक्टोबर

साधनाला फोन केला. मैत्रेयीला पाठवू नकोस, हे सांगायला. आधी मैत्रेयीच आली. लाल हेल्मेट घेतलंय, घरात घालूनच फिरते म्हणाली. मग साधना. माझ्या आवाजावरून तिनं ओळखलं. म्हणाली, आता रद्द करू नकोस, अश्वजित. या वेळी केलंस तर पुन्हा विचारू नकोस.

मी म्हटलं, गाडी बिघडली आहे. एवढंच.

ती म्हणाली, तिला गाडी नकोय. तू हवा आहेस.

पाठवू नकोस, असं म्हणायला हवं होतं. तोंडातून मात्र ‘या’ असं गेलं. इथं इतके दिवस कुणी —

२४ ऑक्टोबर

प्लग काढून खिशात ठेवला. गोठ्याला कडी लावली. उद्या मैत्रेयीला ऑटोनं आणायचं. गाडी दाखवायचीही नाही. दोन दिवस. मग गाडी भंगारात.

भिंत गार लागत नाही. पाठ टेकली आहे आणि भिंत —

मध्ये काही आहे.

२५ ऑक्टोबर, सकाळ

स्टँडवर चालत गेलो. नागपूरची एसटी वेळेवर आली. मैत्रेयी लाल हेल्मेट घालून उतरली आणि बिलगली. साधनाही मागोमाग उतरली. म्हणाली, वाळलास. मग ती पुढच्या कामासाठी यवतमाळच्या बसकडे गेली.

ऑटो केला. आधी मी चढलो, कडेला बसलो. शेजारची जागा रिकामी. मैत्रेयीनं पायरीवर पाय ठेवला. चढली नाही. हेल्मेटची काच वर केली. म्हणाली, बाबा, मी कुठं बसू?

मी म्हटलं, इथं, माझ्याजवळ. जागा थोपटायला हात खाली नेला. हात सीटपर्यंत पोचला नाही. मध्येच कुणाच्या तरी मांडीवर टेकला.