अखजीचं पान

१ मे १९८४

शनिवारी बाबांची तपासणी! दुर्बिणीची नळी घालून मोठं आतडं बघणार. दोन महिने शौचातून रक्त जातंय, त्यांनी सांगितलं परवा. आजोबा याच दुखण्यात गेले. शेवटी घोटभर पेजही उतरत नव्हती म्हणे.

पोट साफ करायचे दोन मार्ग. मॅनिटॉल – गोड पाणी, एका संध्याकाळी काम होतं, आदल्या दुपारपर्यंत वरण-भात चालतो. पण आतड्यात वायू साठतो. गाठ दिसली तर विजेच्या तारेने तेव्हाच काढता येत नाही, भडका उडायची भीती. दुसरं एरंडेल – तीन दिवस नुसतं पातळ, वर एनिमा. "एक दाणा राहिला तरी उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरात बी.एस्सी. मीच ना!

मी एरंडेल म्हटलं.

२ मे

आईचं भांडण. शुक्रवारी अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पितरांचं पान वाढायचं, थोरल्या लेकाने शेजारी बसून जेवायचं. "त्या दिवशी बापाले उपाशी ठेवतं काय वं? ते गोड पाणी काहून नाही देत?"

मी हटले नाही.

३ मे

एरंडेल घेताना बाबांनी नाक दाबलं. "तुह्या डिग्रीची चव अशीच हाये काय वं?" खूप हसलो.

दुपारी डोळे मिटून म्हणाले, "बा ओसरीवर बसला हाये. भूक लागली म्हणते."

बा म्हणजे आजोबा! अशक्तपणा. साखरपाणी दिलं.

४ मे – अखजी

माजघरात आजोबांचं पान वाढलं – पुरणपोळी, कढी, वडे, कुरडया. उन्हामुळे दारं लावलेली, कड्या आतून. बाबा तिथेच खाटेवर. आई नि मी चुलीपाशी. परत येऊन बघते तर पत्रावळ रिकामी! नीट दुमडून तांब्याखाली ठेवलेली.

"बाबा, खाल्लंत तुम्ही!"

"तुही शपथ, बाई. बा जेवला. मले म्हणे, तू नको खाऊ."

त्यांचे हात ओले होते.

सगळं फुकट. उद्या डॉक्टरांना सांगावंच लागेल.

५ मे

सांगायचा धीर झाला नाही. बाहेर बाकावर बसून राहिले.

डॉक्टर हसत आले. "छान तयारी केलीत. आतडं आरशासारखं, एक दाणा नाही." गाठ होती. लहान. तिथल्या तिथे काढली! मी रडले. मग ते पत्रावळीचं आठवलं नि रडू एकदम थांबलं.

जाताना म्हणाले, "हे घराण्यात उतरतं. पुढे तुम्हीही तपासून घ्या."

६ मे

बाबांना मऊ भात. त्यांच्या शेजारी मीच दुसरं पान मांडलं. आईने त्यावरही भात वाढला.

बाबांनी वर बघितलं – माझ्याकडे नाही, माझ्या बाजूला.

"इथं नको मांडू. बा आता तुह्याजवळ बसला हाये."