टँकरचा फोन

सोम. १२ फेब्रु.
मु.अ. सरांनी मोबाईल-कपाटाची चावी माझ्या गळ्यात मारली. सकाळी पोरांचे फोन गोळा करायचे, शाळा सुटल्यावर परत. का, तर गणिताच्या मॅडमना पोरं भितात. अकरा फोन जमले. दोघांनी नुसती फ्लिप कव्हरं दिली, आत मापाचा पुठ्ठा. हातात घेताच कळलं. पकडल्यावर मजा आली, खोटं कशाला बोलू.

गुरु. १५
तिसऱ्या तासाला कपाट गुरगुरलं. कुणी बंद केला नाही, विचारलं. नववीतली कोमल उभी राहिली.
"माझाय, मॅडम. टँकरवाल्याचा असंल. जाऊ का घरी?"
सुटल्यावर, म्हणाले. बसली. परत गुरगुरलं. मी समीकरणं चालू ठेवली. नियम म्हणजे नियम.

शुक्र. १६
कोमल गैरहजर. मैत्रीण म्हणाली, पाणी बघायला गेली.
टँकर त्यांच्या वस्तीवर फक्त गुरुवारी, वेळ ठरलेली नाही. ड्रमापाशी घरचं माणूस नसलं की नंबर हुकतो, टँकर पुढच्या घरी जातो. बाप मेंढरं घेऊन पैठणकडं, धरणाच्या उघड्या पडलेल्या गाळपेऱ्यावर. आई कंपनीत, तिथंही फोन गेटवर जमा. म्हणजे ड्रायव्हर फोन करणार तो कोमललाच. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

शनि. १७
शाळेतून तिच्या घरी गेले. करमाडच्या अलीकडं नवी टाउनशिप, तिच्या भिंतीला लागून पत्र्याची चार घरं. दोन्ही ड्रम उपडे. काल कोमलनं भिंतीपलीकडच्या वॉचमनकडून दोन घागरी आणल्या, त्या संपल्या.
आई मला एका शब्दानं बोलली नाही. बसवलं, शेजारी गेली, तांब्याभर पाणी मागून आणलं. "घ्या मॅडम, उन्हाच्या आल्यात." नको म्हणवेना. प्यायले. लाज वाटली. अजून वाटतेय.

मंगळ. २०
ड्रायव्हरला माझा नंबर दिला. शिक्षकांना फोन चालतो. टँकर निघाला की मी कोमलला सोडणार. मु.अ.ना बोलले नाही, एकीला सोडलं की दहा जणांचे टँकर येतील म्हणायचे. कोमलला सांगितलं. हसलीबिसली नाही, नुसती मान हलवली.

बुध. २१
वरून पत्र. उद्यापासून शिक्षकांचेही फोन कपाटात, चावी मु.अ.कडं. स्टाफरूममध्ये सगळ्यांची कुरकुर, मी एकटी गप्प. मु.अ. म्हणाले, मॅडमकडून शिका जरा.
सुटताना कोमल गेटपाशी थांबलेली.
"उद्या फोन तुमच्यापाशीच ऱ्हाईल ना, मॅडम?"
बघू, म्हणाले. तिनं ड्रम घासून ठेवलेत म्हणे.
घरी आल्या आल्या ह्यांच्या जुन्या फोनचं फ्लिप कव्हर शोधलं. वहीचा पुठ्ठा मापात कापलाय, बसला बरोबर. पर्सजवळ ठेवलंय. पर्समध्ये अजून टाकलं नाही.